दाव्याचा खिळा

अर्जात एक रकाना होता : घरात यापूर्वी कुत्री होती का?
लिहिलं, होती.
किती?
पुढं जागा अर्ध्या बोटाची.
निवाऱ्यातली आल्मुदेना वाकून म्हणाली,
‘आठवत नसेल तर अंदाजे टाका.’

अंदाजे.
दर ऑक्टोबरात दोन, कधी तीन.
मार्चमध्ये एकही नाही.
बाबांनी शिकार सोडली तेव्हा मी पस्तिशीत होते.
गणित येतं मला, औषधाच्या दुकानात जन्म गेलाय.
रकाना कोराच सोडला.

गाल्गो. सशामागं सोडायची जात.
सुरीसारखं तोंड, खोल छाती,
कंबर अशी की दोन वितींत मावावी.
हिच्या मानेवर, डाव्या अंगाला,
कोटाच्या बटणाएवढा वण आहे.
चिप होती तिथं. कुत्री कुणाची ते कळू नये म्हणून
कुणीतरी चाकूनं काढून घेतली.
‘छान भरून आलंय,’ आल्मुदेना म्हणाली.
मी मान वळवली.
जखमेबद्दल बोलत होती ती.

बाबा आता अठ्ठ्याऐंशीचे.
शेगडीच्या टेबलाशी, गुडघ्यांवर चादर, दिवसभर.
जेवलो की नाही ते विसरतात.
मी मुलगी की नर्स, तेही, दुपारनंतर.
एके काळी म्हणायचे,
‘ते हत्यार आहे. हत्याराला नाव नसतं.’
मोसम संपला की एखाद्या रविवारी
पाइनच्या रानाकडे जायचे, तिला घेऊन.
परतताना हातात नुसतं दावं.
चांगलं दावं, टाकून कसं देणार?
ते खिळ्याला अडकवायचे, मग नळाखाली हात धुवायचे,
खूप वेळ.
आई आतून म्हणायची, पाणी वाया जातंय.

हिला आणायच्या आदल्या दिवशी मी तो खिळा उपटला.
भिंतीला भोक राहिलं. राहू दे.

ती आली ती उंबऱ्यावरच थांबली.
टोपीवाला माणूस दिसला की अंग चोरायची,
म्हणून बाबांची टोपी कपाटात लपवली.
ते दिवसभर डोकं चाचपत राहिले.
जिना तिला ठाऊक नव्हता. आरसाही नव्हता.
बसणं या जातीला जमतच नाही धड;
उभीच असायची, बसची वाट बघणाऱ्या बाईसारखी.
रोज संध्याकाळी बाबा पावाचा तुकडा पुढं धरायचे,
हात थरथरायचा,
ती भिंतीकडे बघायची.
अकरा दिवस.
मला वाईट वाटायला हवं होतं.
खरं सांगते, नाही वाटलं.

बाराव्या रात्री पाणी प्यायला उठले.
बाबा खुर्चीतच झोपलेले,
तळहात उघडा, त्यात पाव.
ती आली, नखं न वाजवता.
मान लांब करून
ओठांच्या टोकानं तुकडा उचलला
आणि तिथंच उभी राहिली.
‘लेंतेखा,’ बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच.

लेंतेखा म्हणजे मसूर.
आठ वर्षांची होते मी. मसुरी रंगाची एक होती,
खुराड्यामागं नेऊन तिच्या कानात सांगितलं होतं
तिचं नाव.
दुसऱ्या कुणालाही नाही.
म्हणजे बाबांना ठाऊक होतं.
रानाकडे नेतानाही ठाऊक होतं.

‘फेब्रुवारी लागला का गं?’

खिडकीबाहेर बदाम फुललेला,
काळोखातही पांढरा.
‘नाही बाबा,’ म्हटलं, ‘ऑक्टोबरच चाललाय अजून.’
‘मग घाल तिला आणखी,’ ते म्हणाले,
‘उद्या धावायचंय तिला.’